बॉल रेसर टाइट केला तरी हँडलची खडखड परत का येते

पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या बुडाशी ‘टक्’ असा आवाज येतो. खड्ड्यातून जाताना, स्पीडब्रेकरवरून उतरताना खडखड होते. मेकॅनिक म्हणतो, ‘बॉल रेसर (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला झालाय’, नट थोडा आवळून देतो आणि आवाज बंद होतो. महिना-दोन महिन्यांत आवाज परत येतो, नट परत आवळला जातो. अशा काही फेऱ्या झाल्या की तक्रारच बदलते. आता आवाज नसतो, पण गाडी सरळ धरवत नाही. गर्दीतून हळू जाताना हँडल सारखं सावरावं लागतं आणि मध्यावर आलं की तिथे खटका लागून अडकतं.

ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. छर्रे (पोलादी गोळ्या) ज्यांत फिरतात त्या आतल्या वाट्या गुळगुळीत असतील आणि त्यांत ग्रीस असेल, तरच नट आवळणं हा इलाज ठरतो. वाट्यांना खड्डे पडलेले असताना नट आवळला तर छर्रे त्याच खड्ड्यांत आणखी जोराने दाबले जातात. आवाज थांबतो आणि हँडल बिघडतं. मुळात हे दुखणं बहुतेक वेळा नटापासून सुरूच होत नाही. ग्रीस संपलेलं असतं, पाणी शिरलेलं असतं, आणि नट ढिला वाटणं हे त्याचं उशिरा दिसलेलं लक्षण असतं. म्हणून दुसऱ्यांदा आवाज आला की नट आवळून घेऊ नका, खोलून बघा.

इथे लिहिलेलं प्रामुख्याने 100 ते 150 सीसीच्या रोजच्या वापरातल्या, सुट्ट्या छर्ऱ्यांचा बॉल रेसर असलेल्या मोटरसायकलींना लागू आहे. जुन्या बुलेटचंही तत्त्व हेच.

आत काय असतं

चासीच्या पुढच्या टोकाला जाड, तिरपी नळी असते. तिच्यातून ‘टी’चा, म्हणजे शॉकअप धरणाऱ्या खालच्या प्लेटचा, दांडा खालून वर जातो. नळीच्या दोन्ही तोंडांना एकेक वाटी ठोकलेली असते, तिच्यासमोर कोन (शंकूसारखी उतरती कडी), आणि दोघांच्या मध्ये छर्ऱ्यांची रांग. खालचा कोन टीच्या दांड्यावर घट्ट बसवलेला असतो, वरचा मोकळा निघतो. दुकानात हे सगळं मिळून ‘कोनसेट’ किंवा ‘बॉल रेसर किट’ या नावाने मिळतं. वरच्या कोनावर खाचा असलेला ॲडजस्टिंग नट, त्यावर शॉकअप धरणारी वरची प्लेट, आणि सगळ्यात वर मोठा नट.

वरच्या आणि खालच्या अशा दोन बेअरिंगांत खालच्याचे हाल जास्त. पुढच्या चाकाला बसलेला प्रत्येक दणका शॉकअपमधून वर येऊन आधी तिथेच आदळतो, आणि चाकाने उडवलेलं पाणी व चिखलही तिथेच जातो. खोलल्यावर वरची वाटी जेमतेम मळलेली आणि खालची गंजून लाल, असं चित्र नेहमी दिसतं. वरचं बघून ‘ठीक आहे’ म्हणत बंद करणं ही फार महागात पडणारी घाई आहे.

आवाज बॉल रेसरचाच आहे ना?

पुढून येणारी प्रत्येक खडखड बॉल रेसरची नसते. शॉकअपच्या नळीला आधार देणारे बुश झिजले, डिस्क ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये सैल बसले, चाकाचं बेअरिंग गेलं, इतकंच काय पण हेडलाइटचा ब्रॅकेट किंवा मडगार्डचा बोल्ट ढिला झाला तरी ऐकायला जवळजवळ तसंच वाटतं.

गाडी मेन स्टँडवर लावा. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवून पुढचं चाक अधांतरी करा. एकटे असाल तर इंजिनाच्या खालच्या मजबूत भागाखाली लाकडी ठोकळा द्या. सायलेन्सरच्या बेंड पाइपवर वजन येऊ देऊ नका, तो वाकतो. आता चाकासमोर बसून दोन्ही शॉकअप अगदी खालच्या टोकाला धरा आणि पुढे-मागे हलवा. त्याच वेळी दुसऱ्या माणसाला चासीची नळी आणि खालची टी जिथे भेटतात त्या फटीवर बोट ठेवायला सांगा. बोटाखाली हालचाल जाणवली तर प्ले (ढिलेपणा) बॉल रेसरमध्ये आहे. तिथे काहीच हलत नसून शॉकअपचा खालचा जाड भाग नळीवर हलत असेल, तर दोष बुशांचा. ही तपासणी ब्रेक न दाबता होते, म्हणून ब्रेकच्या पॅडचा आवाज आपोआप बाजूला पडतो. चाकाचं बेअरिंग बघायचं तर शॉकअप एका हाताने पक्का धरून टायर आडवा हलवा.

दुसरी तपासणी हँडल फिरवण्याची. चाक अधांतरीच ठेवून हँडल दोन बोटांनी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवा. मध्यावर खटका जाणवला तर वाट्यांना खड्डे आहेत, पुढच्या चर्चेची गरज नाही. वाळू रगडल्यासारखी खरखर लागली तर ग्रीस गेलंय आणि गंज किंवा माती आत आहे. मग हँडल मध्यावर आणून एका बाजूला हलकेच ढकला. ते स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत पडलं पाहिजे. मध्येच थांबलं तर नट जास्त आवळलेला आहे, किंवा क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबल आणि वायरिंग कुठेतरी ताणलंय. केबल हाताने मोकळी करून पुन्हा बघा. नवीन केबल चुकीच्या वाटेने ओढल्यामुळे हँडल जड झालेल्या गाड्यांचे बॉल रेसर विनाकारण खोलले जातात.

वेग कमी करताना, साधारण 60 वरून 40 वर येताना, हँडल थरथरत असेल तर बॉल रेसरइतकाच संशय पुढच्या टायरवर घ्या. हवा कमी असणं, टायर एकीकडे झिजणं, रिम वाकडी असणं ही कारणं आधी तपासायला सोपी आहेत. हात सोडून ही थरथर ‘बघण्याचा’ प्रयोग रस्त्यावर कधीही करू नका.

खड्डे पडतात कसे

चाकातलं बेअरिंग गोल गोल फिरतं, त्यामुळे ग्रीस सतत नव्याने पसरत राहतं. हँडलचं तसं नाही. रस्त्यावर चालती गाडी बहुतेक काळ सरळच जाते. हँडल जेमतेम काही अंश इकडे-तिकडे होतं, त्यामुळे प्रत्येक छर्रा वाटीवर वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच जागी बसून दणके खातो. त्या जागेवरचं ग्रीस बाजूला ढकललं जातं आणि परत आणणारं कुणी नसतं. मग धातूवर धातू.

याचे दोन प्रकार आहेत आणि खोलल्यावर ते ओळखता येतात. मोठ्या खड्ड्यात चाक आदळलं आणि छर्रा वाटीत रुतला, तर वाटीतला खड्डा गुळगुळीत, चकचकीत असतो. याला ब्रिनेलिंग म्हणतात. योहान ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्याने 1900 मध्ये पोलादी गोळी धातूवर दाबून त्याचा कडकपणा मोजायची पद्धत मांडली, त्यावरून हे नाव पडलं. दुसरा प्रकार ‘फॉल्स ब्रिनेलिंग’. यात दणका लागत नाही. ग्रीस नसलेल्या जागी बारीक कंपनांनी धातू घासत जातो, आणि खड्ड्याभोवती तांबूस तपकिरी भुकटी दिसते. पहिला प्रकार रस्त्याचा आणि ढिल्या नटाचा दोष सांगतो, दुसरा ग्रीसच्या उपासमारीचा. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गाड्यांत दुसरा प्रकार भरपूर सापडतो. जून ते सप्टेंबर जांभ्याचा लाल चिखल खालच्या वाटीवर बसत राहतो आणि समुद्रकाठी खारी हवा उरलेलं काम करते. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यांवर पहिला प्रकार.

खोलणं

पुढचं चाक, मडगार्ड, हँडलचे क्लॅम्प, शॉकअप या क्रमाने काढत जायचं. हेडलाइटमधल्या वायरिंगचे आणि केबलच्या वाटेचे फोटो आधीच काढून ठेवा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर होजवर लटकत ठेवू नका, तारेने चासीला बांधा. ॲडजस्टिंग नटासाठी सी-पाना (नटाच्या खाचेत अडकणारा आकडीचा पाना) वापरा. स्क्रू ड्रायव्हर लावून हातोडीने ठोकलेल्या नटाच्या खाचा फाटतात, आणि मग शेवटचं बारीक ॲडजस्टमेंट करणं अशक्य होतं.

नट शेवटपर्यंत सोडण्याआधी खाली जुनी चादर किंवा मोठी परात ठेवा आणि टी खालून हाताने धरा. ती निसटली की छर्रे गॅरेजभर पळतात. वरचे छर्रे वेगळ्या डबीत, खालचे वेगळ्या डबीत, आणि दोन्हींची संख्या लिहून ठेवा. काही गाड्यांत वरचे 3/16 इंचाचे आणि खालचे 1/4 इंचाचे असतात, काहींत दोन्हीकडे सारखेच. संख्या आधीच कमी असण्याची शक्यता धरा, कारण मागच्या वेळी कुणी एखादा हरवून तसंच बसवलेलं असू शकतं. पूर्ण भरल्यावर रांगेत साधारण एका छर्ऱ्यापेक्षा थोडी कमी जागा मोकळी राहायला हवी. त्या जागेत आणखी एक कोंबून बसवायचा नाही, सगळे एकमेकांना घासून अडकतात.

वाट्या तपासणं

सगळं डिझेलने धुवा. रॉकेल आता सहज मिळत नाही आणि पेट्रोल या कामाला धोक्याचं आहे. धुऊन झाल्यावर फडक्याने पूर्ण कोरडं करा, डिझेल आत राहिलं तर ते नवीन ग्रीस पातळ करतं. मग वाटी उजेडात धरा आणि छर्रे फिरतात त्या पट्ट्यावरून बॉलपेनचं टोक फिरवा. डोळ्याला न दिसणारा खड्डाही टोकाला जाणवतो. पट्टा नुसता काळसर किंवा चकचकीत झालेला असेल पण टोक कुठेच अडकत नसेल, तर वाटी अजून चालेल. एक जरी खड्डा लागला तरी पूर्ण सेट बदला, दोन्ही वाट्या, दोन्ही कोन, सगळे छर्रे. फक्त नवे छर्रे टाकून जुनी वाटी ठेवण्यात काहीच अर्थ नाही, आणि उलट केलं तरी नाही. 100-125 सीसीच्या गाडीचा सेट काही शे रुपयांत येतो. यातली खरी किंमत मेहनतीची आहे, आणि ती दोनदा करावी लागू नये.

काही ठिकाणी खड्डे पडलेली वाटी थोडी फिरवून पुन्हा ठोकतात. मध्यावरचा खटका जातो हे खरं, पण छर्ऱ्यांखाली तेच खड्डे हँडलच्या वेगळ्या स्थितीत येतात. लांबच्या प्रवासात अडकलात तर घरी पोहोचेपर्यंत चालवा, त्यापुढे नको.

जुन्या वाट्या काढायला लांब लोखंडी सळई नळीच्या विरुद्ध टोकातून घालून वाटीच्या आतल्या कडेवर डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून ठोका. नवीन वाटी बसवण्याआधी तिची बैठक स्वच्छ करा. तिथे मातीचा एक कण राहिला तरी वाटी तिरकी बसते. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली तर थोडी आकसते आणि सोपी जाते. ठोकायची असेल तर जुनी वाटी उलटी वर ठेवून तिच्यावर ठोका, छर्ऱ्यांच्या पट्ट्यावर हातोडी लागता कामा नये. लांब बोल्ट आणि दोन जाड वॉशर नळीतून घालून नटाने खेचून बसवली तर उत्तमच. पूर्ण बसली की ठोक्याचा बोदा आवाज बदलून टणत्कार येतो. हा बदल ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका. बसवलेला सेट पंधरा दिवसांत ढिला होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं: वाटी केसभर वर राहिलेली असते, रस्त्यावरच्या दणक्यांनी ती खाली सरकते आणि मध्ये फट पडते.

टीच्या दांड्यावरचा खालचा कोन छिन्नीने दोन्ही बाजूंनी थोडा थोडा उचलून निघतो. नवीन कोन बसवण्याआधी त्याच्याखालचं धूळ अडवणारं रबर किंवा वॉशर आठवणीने घाला, नंतर ते घालता येत नाही. कित्येक गाड्यांत हे मागच्या कामात गायब झालेलं असतं आणि चिखल थेट छर्ऱ्यांपर्यंत जातो. कोन ठोकताना त्याच्या आतल्या कडेवर बसेल अशा पाइपचा तुकडा वापरा.

कोणतं ग्रीस, किती

इथे उष्णता जवळजवळ नसते आणि वेगही नसतो. पाणी आणि दणके हेच दोन शत्रू आहेत, म्हणून जास्त तापमान सहन करणारं महागडं ग्रीस शोधायची गरज नाही. डब्यावर लिथियम, ईपी (जास्त दाब सहन करणारं) आणि एनएलजीआय 2 असं लिहिलेलं ग्रीस पुरेसं आहे. एनएलजीआय 2 म्हणजे प्रमाणित चाचणीत शंकू ग्रीसमध्ये 26.5 ते 29.5 मिलिमीटर रुतणारा घट्टपणा, म्हणजे जागेवर टिकेल इतकं घट्ट आणि छर्ऱ्यांभोवती परत येईल इतकं मऊ. भरपूर पावसाच्या भागात कॅल्शियम सल्फोनेटचं ग्रीस मिळालं तर ते पाण्यापुढे जास्त टिकतं, पैसे मोजण्यासारखं आहे. मात्र जुन्या ग्रीसवर वेगळ्या जातीचं नवीन ग्रीस थापू नका. काही जाती एकमेकींत मिसळल्या की पातळ होऊन वाहून जातात, म्हणूनही पूर्ण धुणं महत्त्वाचं.

प्रमाणाबाबत हात आखडू नका. वेगाने फिरणारं बेअरिंग ग्रीस ठासून भरलं तर तापतं, म्हणून तिथे मोजून भरतात. हँडलला ती भीती नाही. वाटी काठोकाठ भरा, छर्रे एकेक करून त्यात दाबून बसवा, वरून आणखी थर द्या. बाहेर आलेलं ग्रीस पुसून टाकायची सवय असते, इथे थोडं काठावर राहू द्या, ते पाणी अडवतं. टीच्या दांड्यालाही सगळीकडून पातळ हात फिरवा, आतून गंजत नाही.

नट किती आवळायचा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. आधी ॲडजस्टिंग नट सी-पान्याने बऱ्यापैकी आवळा, म्हणजे छर्रे आपापल्या जागी बसतील. हँडल टोकापासून टोकापर्यंत चार-सहा वेळा फिरवा. मग नट पूर्ण सैल करा आणि नुसत्या हाताने प्ले जाईपर्यंत फिरवा. त्यापुढे पान्याने एका फेऱ्याचा साधारण आठवा हिस्सा. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

आता वरची प्लेट ठेवून मोठा नट आवळायचा. या वेळी शॉकअप प्लेटला धरणारे बोल्ट ढिलेच असले पाहिजेत. ते आधी आवळले तर प्लेट शॉकअपवर अडकते, मोठा नट तिला खाली आणू शकत नाही, आणि पहिल्या काही खड्ड्यांत ती सरकून प्ले येतो. ‘नवीन सेट टाकूनही आठवड्यात ढिला’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा वाटी नीट न बसणं असतं किंवा हा उलटा क्रम असतो.

मोठा नट पूर्ण आवळला की आतला दाब थोडा वाढतो, कारण आट्यांमधली फट निघून जाते. म्हणून हँडल पडण्याची आणि शॉकअप हलवण्याची तपासणी मोठा नट आवळल्यानंतर पुन्हा करा. जड वाटलं तर मोठा नट सोडून ॲडजस्टिंग नट किंचित मागे घ्या आणि परत आवळा. दोन-तीनदा असं करावं लागलं तरी कंटाळा करू नका. प्ले शून्य, आणि तरी हँडल स्वतःच्या वजनाने पडतं: या दोन्ही गोष्टी एकत्र जमल्या पाहिजेत. एक जमवायला दुसरी सोडावी लागत असेल तर वाटी तिरकी आहे किंवा सेट खराब आहे, आणि कुठलाही नट ते झाकू शकणार नाही.

500 ते 1000 किलोमीटर झाल्यावर एकदा परत तपासा. नवीन सेट थोडा बसतो, त्या वेळी एकदा आवळणं योग्य आहे. त्यानंतर दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर चाक उचलून हँडल फिरवून बघा. दोन वर्षांत एकदा खोलून ग्रीस बदला, कोकणात किंवा घाटात रोज फिरत असाल तर दरवर्षी.

पाणी बाहेर ठेवणं

वॉशिंग सेंटरवाल्याला स्पष्ट सांगा की हँडलखालच्या नळीच्या दोन्ही तोंडांवर आणि चाकांच्या हबवर प्रेशरचा पाइप मारायचा नाही. तो दाब ग्रीस धुऊन काढतो आणि त्याच्या जागी पाणी ठेवतो. पुढच्या मडगार्डचा मागचा भाग तुटला असेल किंवा ‘लुक’साठी आखूड केला असेल तर आधी तो पूर्ववत करा, कारण खालच्या वाटीवर येणाऱ्या चिखलाचा बराचसा भाग तोच अडवतो. स्कूटरलाही बॉल रेसर असतोच. मात्र खोलायला पुढचे प्लॅस्टिक पॅनेल काढावे लागतात, म्हणून तिथे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

टेपर रोलर बेअरिंग टाकावं का, असं अनेक जण विचारतात. त्यात छर्ऱ्यांऐवजी तिरके रोलर असतात. ते बिंदूऐवजी रेषेवर टेकतात, त्यामुळे दणके जास्त पसरतात आणि खड्डे उशिरा पडतात. बुलेटसारख्या जड गाडीला किंवा खूप सामान घेऊन फिरणाऱ्याला ते फायद्याचं आहे. पण सेटची उंची मूळ सेटपेक्षा वेगळी निघाली तर वरची प्लेट नीट बसत नाही, म्हणून तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला सेट असेल तरच घ्या आणि दुकानातच जुन्यासोबत ठेवून मापून बघा. 100 सीसीच्या गाडीला साधा छर्ऱ्यांचा सेट नीट बसवून, ग्रीस भरून ठेवला तर टेपरची गरज पडत नाही.